कोलकाता-आगरतळा : अंतर, वेळ आणि भाडे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा लेखी मसुदा)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत विमानप्रवासाचा विषय निघाला की सभागृहात थोडी चुळबुळ सुरू होते. एस. टी.ची भाडेवाढ, बंद पडत चाललेल्या पॅसेंजर गाड्या, साध्या डब्यातील चेंगराचेंगरी हे प्रश्न समोर असताना श्रीमंतांचे हे दुखणे कशाला उगाळायचे, असा तो भाव असतो. ज्या देशात बहुसंख्य लोक आजही एस. टी.ने आणि रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करतात, त्या देशात हा भाव स्वाभाविक आहे. सार्वजनिक पैसा आधी जमिनीवरील वाहतुकीस मिळावा, हे चळवळीचे सूत्रही बरोबरच आहे. परंतु कोणतेही सूत्र नकाशावर ठेवून तपासले पाहिजे, आणि तसे तपासले की एका ठिकाणी ते साफ अडखळते. ते ठिकाण म्हणजे कोलकाता आणि आगरतळा ह्या दोन शहरांमधील अंतर.

प्रथम अंतराचाच हिशेब पाहू. पृथ्वीच्या गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर हे महावर्तुळाच्या कंसावरून मोजतात. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडले, तर कोलकाता-आगरतळा हे अंतर सुमारे ३१७ किलोमीटर येते. मुंबई आणि कोल्हापूर ह्यांच्यामधील आकाशमार्गाच्या अंतराहून ते थोडेसेच अधिक आहे. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर हे अंतर कापण्यास चोवीस मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे एक तास दिलेला असतो. ह्यात लबाडी काही नाही. वेळापत्रकातील वेळ विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, उड्डाणासाठी थांबलेली रांग, वर चढणे, खाली उतरणे, उतरण्यापूर्वी घ्यावे लागणारे वळण ह्या सगळ्यांचा त्यात समावेश असतो. एवढ्या छोट्या अंतरात विमान पूर्ण वेगाने सरळ उडते ते थोडीच मिनिटे. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वरच्या थरातील वाऱ्यांमुळे लांबच्या प्रवासात जाण्यायेण्याच्या वेळेत मोठा फरक पडतो; येथे मात्र तो जाणवतही नाही.

ह्या हिशेबातून एक आर्थिक गोष्ट निघते, ती पुढे उपयोगी पडणार आहे. उड्डाण आणि उतरणे ह्यांचा खर्च अंतर कितीही असले तरी जवळपास ठरलेला असतो. वर चढताना इंधनही सर्वांत अधिक जळते. त्यामुळे छोट्या मार्गावर दर किलोमीटरचा खर्च लांबच्या मार्गापेक्षा अधिक येणारच. तेव्हा दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाला किलोमीटरमागे कमी पडते आणि आगरतळ्याच्या प्रवाशाला अधिक, एवढ्यावरून कोणी लूट म्हणून ओरड करील तर ती अर्थशास्त्राला धरून होणार नाही. लूट आहे, पण ती दुसरीकडे आहे.

आता हेच अंतर जमिनीवरून पाहू. आगरतळा हे त्रिपुराच्या पश्चिम सीमेवरचे शहर. फाळणीपूर्वी ह्या शहराचे रेल्वे स्थानक म्हणजे अवघ्या काही किलोमीटरांवरचे आखौरा. सियालदहहून गाडीने गोआलंदो, तेथून पद्मा-मेघनेतून स्टीमरने चांदपूर, पुन्हा गाडीने आखौरा असा तो प्रवास असे. सरळ नव्हता, पण बंगालच्या अंगणातून जाणारा होता. १९४७ साली ते अंगण परक्या देशात गेले. गाड्या आणि नदीमार्ग त्यानंतरही काही काळ कसेबसे चालू राहिले. १९६५ च्या युद्धात तेही बंद झाले. तेव्हापासून कोलकात्याहून आगरतळ्यास भारताच्याच भूमीवरून जायचे, तर आधी उत्तरेस सिलिगुडीची अरुंद पट्टी ओलांडावी लागते, मग आसामात शिरून, दिमा हासाओचे डोंगर उतरून बराक खोऱ्यात यावे लागते आणि तेथून दक्षिणेस त्रिपुरात. आगगाडीचा हा मार्ग दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यास दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो. मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाने आधी हैदराबाद गाठायचे आणि मग पश्चिमेकडे वळायचे, असा काहीसा हा प्रकार झाला. भूगोलाने ३१७ किलोमीटर दिलेले अंतर राजकारणाने पाच पट केले.

आणि हा लांबचा मार्ग तरी केव्हा मिळाला? आगरतळ्यास पहिली आगगाडी पोचली २००८ साली, तीही मीटरगेजवर. रुंद मार्गावरील गाडी सुरू झाली ती ३१ जुलै २०१६ रोजी. आपल्या कोकणातले सुरेश प्रभू तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि दिल्लीकडे जाणाऱ्या त्या गाडीस त्यांनीच हिरवा झेंडा दाखविला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची साठ वर्षे त्रिपुराच्या राजधानीला आगगाडीच नव्हती. ह्या साठ वर्षांत शहराला कोलकात्याशी जोडून ठेवले ते विमानाने. महाराजा वीरविक्रम ह्यांच्या काळात १९४२ साली बांधलेली धावपट्टी ही शहराची खरी वेस ठरली. २०१८ मध्ये विमानतळास त्यांचेच नाव देण्यात आले. महायुद्धातून उरलेली डाकोटा विमाने माणसांप्रमाणेच मालही वाहून नेत. मुंबईत विमान ही चैन होती त्या काळात आगरतळ्यात ते एस. टी.चे काम करीत होते.

रेल्वे आल्यावर प्रश्न मिटला असे म्हणावे, तर डोंगरातील लुमडिंग-बदरपूर टप्पा पावसाळ्यात वारंवार कोसळतो. मे २०२२ मध्ये दरडींच्या लोंढ्याखाली न्यू हाफलाँग स्थानक गाडले गेले आणि बराक खोरे, त्रिपुरा, मिझोराम व मणिपूरचा काही भाग रेल्वेने देशाशी तुटला. मार्ग पूर्ववत होण्यास जुलै उजाडला. त्या आठवड्यांत विमानाची भाडी कडाडली. तेव्हा आसाम सरकारने सिलचर-गुवाहाटी ह्या दोनशे किलोमीटरांच्या आतील अंतरासाठी ३,००० रुपये ठरीव भाड्याने विमाने उडविण्याची व्यवस्था केली आणि फरकाची रक्कम सरकारी तिजोरीतून भरली. ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाजारात शिरता येत नाही म्हणून वर्षभर हात वर करणारे सरकार आपत्तीच्या आठवड्यात भाडे ठरवू शकते, असा तिचा अर्थ.

आता लूट कोठे आहे ते पाहू. अर्थशास्त्रात मागणीच्या लवचीकतेची कल्पना आहे. दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाला विमान महाग वाटले, तर तो राजधानी एक्स्प्रेसने रात्रीत जाऊ शकतो. किंमत वाढली की त्याची मागणी घटते, आणि ह्या धाकाने विक्रेता मर्यादेत राहतो. आगरतळ्याहून कोलकात्याच्या रुग्णालयात निघालेल्या रुग्णाला हा पर्याय नाही. दीड दिवसाचा गाडीचा प्रवास त्याच्या प्रकृतीला झेपत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख तर ठरलेली असते. किंमत वाढली तरी त्याला जावेच लागते. आज विमानाच्या एकाच रांगेतील आसने वेगवेगळ्या दरांनी विकली जातात. एका दराची ठराविक आसने संपली की पुढचा, चढा दर उघडतो. यंत्र मागणी किती निकडीची आहे हे तारखेवरून आणि गर्दीवरून ओळखते. ही पद्धत जेथे प्रवाशाजवळ पर्याय आहे तेथे विमान भरण्याचे काम करते. जेथे पर्याय नाही, तेथे ती निकडीवर कर बसविते. दुर्गापूजेच्या सुमारास घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याकडून, परीक्षेच्या उमेदवाराकडून, रुग्णाच्या नातलगाकडून हा कर वसूल होतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. देशांतर्गत वाहतुकीचा सुमारे नव्वद टक्के वाटा दोनच उद्योगसमूहांकडे गेल्यावर स्पर्धेने भाडे उतरेल ही आशाही फोल आहे.

पूर्वी काय होते? १९५३ साली विमान महामंडळ कायदा झाला आणि आठ खासगी कंपन्या एकत्र करून त्यांतून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. तिचे भाडे सरकारच्या संमतीने ठरे. त्या काळाविषयी हळवे होण्याचे कारण नाही. आसने थोडी, उशीर नित्याचा, आणि मंत्री-अधिकाऱ्यांचा मान आधी. तरीही पूजेच्या आदल्या दिवशीचे तिकीट आणि आषाढातले तिकीट ह्यांची किंमत एकच, हे तत्त्व त्यात होते. १९९४ साली हा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि भाडे ठरविणे त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या १ मार्चपासून एक चांगला दंडकही लागू झाला. प्रमुख शहरांमधील किफायतशीर मार्गांवर कंपनी जितकी आसन-क्षमता चालवील, तिच्या किमान दहा टक्के क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार व लक्षद्वीप ह्या मार्गांवर तिने चालविली पाहिजे, असा तो दंडक. आगरतळ्याला आज दिवसाकाठी अनेक विमाने आहेत, त्यामागे हा दंडकही आहे. परंतु त्याने कंपन्यांवर आसने देण्याचे बंधन घातले. त्या आसनांच्या किमतीविषयी चकार शब्द काढला नाही. गावात रेशनचे दुकान असलेच पाहिजे, मात्र धान्याचा भाव दुकानदाराने ठरवावा, अशी ही व्यवस्था झाली.

ह्या ठिकाणी नागपूरची एक जुनी गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. १९४९ साली टपाल खात्याने रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला. ज्या पत्राचा वेळ विमानाने वाचेल ते पत्र, साध्या दराचे तिकीट असले तरी, विमानानेच जाईल. त्यासाठी जादा आकार नाही. दळणवळण खाते तेव्हा रफी अहमद किडवाई ह्यांच्याकडे होते. (हेच किडवाई १९५१ मध्ये काँग्रेस सोडून काही काळ आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात आले होते, हे जुन्या साथींना आठवत असेल.) विमान हे त्या वेळी आजच्याहून कितीतरी अधिक श्रीमंती वाहन होते. पण त्यात गिरणी कामगाराने गावाकडे लिहिलेल्या पत्रालाही जागा मिळाली. विमान कोणाचे आणि त्यातील वेगाचा लाभ कोणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्या खात्याला उमगले होते.

आता 'उडान' योजनेकडे वळू, कारण सरकार पक्षाचे उत्तर ठरलेले असते की छोट्या शहरांसाठी योजना आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१७ च्या एप्रिलपासून प्रत्यक्षात आलेल्या ह्या योजनेत, तासाभराच्या सुमारे ५०० किलोमीटरांच्या उड्डाणास २,५०० रुपये ही भाड्याची मर्यादा विमानातील काही आसनांपुरती ठेवण्यात आली. कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची आणि त्यासाठी इतर मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करायची, ही मूळ कल्पना टाकाऊ नाही; किंबहुना मुख्य मार्गांनी दूरच्या मार्गांचा भार उचलावा हे समाजवादी तत्त्वच आहे. पण योजनेने गरज मोजली ती विमानतळावरून. जेथे धावपट्टी आहे आणि विमान नाही, ते ठिकाण पात्र. त्यामुळे २०१७ च्या डिसेंबरात नाशिक आणि जळगाव येथून मुंबईस उडानची विमाने निघाली. नाशिक-मुंबईच्या दरम्यान रेल्वे आहे, महामार्ग आहे. विमानतळावर जाणे, थांबणे आणि मुंबईत पुन्हा बाहेर पडणे ह्यांचा वेळ धरला तर विमानाने फारसा वेळ वाचतच नाही. ती सेवा अल्पकाळातच विस्कळीत झाली. उलट कोलकाता-आगरतळा मार्गावर आधीच विमाने चालू असल्यामुळे तो योजनेच्या व्याख्येत बसला नाही. पर्याय असलेल्याला अनुदान आणि निरुपायाला खुला बाजार, असा हा उफराटा न्याय आहे.

योजनेचे फलितही नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये मांडले आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४. कार्यकर्त्यांनी हे आकडे पाठ करावेत, परंतु 'विमानावर खर्च म्हणजे उधळपट्टी' हे सिद्ध करण्यासाठी ते वापरू नयेत. पैसा जेथे जायला हवा होता तेथे गेला नाही, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

भाडे बांधता येत नाही, हा युक्तिवाद तर सरकारने स्वतःच दोनदा खोडला आहे. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडून प्रत्येक गटासाठी किमान व कमाल भाडे ठरविले गेले. चाळीस मिनिटांपेक्षा कमी उड्डाणास आरंभी २,००० ते ६,००० रुपये, तर दिल्ली-मुंबईसारख्या मार्गास ३,५०० ते १०,००० रुपये. ही बंधने ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपर्यंत होती. दुसरा प्रसंग डिसेंबर २०२५ चा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली, इतरांची भाडी आकाशाला भिडली आणि सरकारला पुन्हा मर्यादा घालावी लागली. ह्या वेळी मोजमाप वेळेऐवजी अंतराचे होते: ५०० किलोमीटरांपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळाचे आकार वेगळे. ह्या मापाने कोलकाता-आगरतळा पहिल्या गटात पडतो, म्हणजे कमाल मर्यादेला किलोमीटरमागे साडेतेवीस रुपयांच्या वर. दिल्ली-मुंबईचे अंतर साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे किलोमीटरमागे तेरा रुपये. छोट्या मार्गाचा खर्च अधिक असतो हे वर मान्य केलेच आहे, तरी तो जवळपास दुप्पट आहे हे कोणी दाखवून दिलेले नाही. आणि मुळात ७,५०० ही संकटकाळची कमाल मर्यादा होती. ती नित्याच्या भाड्याचे माप होऊ शकत नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले, तेही पाहावे. स्कॉटलंडच्या दूरच्या बेटांवरील रहिवाशांना २००६ पासून विमानभाड्यात सवलत मिळते. सध्या ती मूळ भाड्याच्या निम्मी आहे. स्पेनने कॅनरी व बालेआरिक बेटांच्या रहिवाशांसाठी ती ७५ टक्क्यांपर्यंत नेली. दोन्हीकडे सवलत माणसाच्या पत्त्याशी जोडलेली आहे, पर्यटकाला ती नाही. स्पेनच्या बाबतीत एक आक्षेप अर्थतज्ज्ञ घेतात आणि तो गंभीर आहे: रहिवाशाचा तीन चतुर्थांश भार सरकार उचलते म्हटल्यावर कंपन्या मूळ भाडेच वाढवितात आणि सवलतीचा मोठा हिस्सा त्यांच्या खिशात जातो. म्हणून नुसती सवलत मागणे धोक्याचे आहे. आधी भाड्याची कमाल मर्यादा आणि मग तिच्या आत रहिवाशाला सवलत, हा क्रम सुटता कामा नये.

आपल्याच गोटातून एक प्रश्न येईल, आणि तो आलाही पाहिजे. हा पैसा रेल्वेच्या डोंगरी टप्प्यावर का घालू नये? घालावाच. आगरतळा-आखौरा हा बारा किलोमीटरांचा जोडमार्गही पुरा व्हावा. १ नोव्हेंबर २०२३ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले खरे, पण ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर होईपर्यंत त्यावरून नियमित प्रवासी गाडी धावली नव्हती. शेजारी देशाशी मैत्री असेल तर कोलकाता-आगरतळा बस ढाक्यावरून सुमारे पाचशे किलोमीटरांत पोचते. मैत्री बिघडली की तीच वाट दीड हजारांची होते. ज्या नागरिकाचा रस्ता परराष्ट्र धोरणाच्या लहरीवर उघडतो आणि मिटतो, त्याला रेल्वे पुरी होईपर्यंत थांब म्हणण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या कार्यकर्त्याला नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ नंतर महामार्ग काही समाजांना बंद झाले, तेव्हा इंफाळचे विमान हेच त्यांचे दार उरले होते, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा मागणी नेमकी काय करायची? अनुदानास पात्र मार्ग ठरविताना धावपट्टीची मोकळी जागा पाहण्याऐवजी जमिनीवरील प्रवासाचे अंतर आकाशमार्गाच्या किती पट आहे आणि त्यास किती तास लागतात, हे पाहावे. समजा, तीन पटीहून अधिक अंतर आणि चोवीस तासांहून अधिक वेळ ही कसोटी लावली, तर कोलकाता-आगरतळा त्यात निर्विवाद बसेल आणि नाशिक-मुंबई आपोआप गळेल. अशा मार्गांवर वर्षभरासाठी एकच कमाल भाडे असावे आणि रहिवासी, रुग्ण व विद्यार्थी ह्यांना त्यात सवलत मिळावी. सरकारच्या मालकीच्या अलायन्स एअरने २०२५ च्या ऑक्टोबरात काही मार्गांवर स्थिर भाड्याचा प्रयोग केलाच होता. तो अशा मार्गांवर कायमचा करता येईल. कायद्याची अडचण पुढे केली जाईल, पण १९३७ च्या विमान नियमांतील १३५ व्या नियमाने भाडे ठरविण्याचे काम कंपन्यांकडे सोपविताना वाजवी नफ्याची अट घातली होती, आणि भाडे अवाजवी आढळल्यास निर्देश देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास दिला होता. पक्षाच्या ईशान्येतील साथींनी पूजेच्या महिन्यातील आणि त्याआधीच्या महिन्यातील ह्या एका मार्गाची भाडी रोज टिपून ठेवली, तर महासंचालनालयापुढे नेण्यास तेवढी वही पुरेशी आहे.